काडीएवढा माणूस

दसरा उलटला की आमच्या कशेळीत रस्त्याच्या कडेला किल्ले विकायला येतात. तयार, प्लास्टरचे, वरून रंग मारलेले. गोदामांकडे वळणारे कंटेनर त्यांच्यावर धूळ उडवत जातात आणि विकणारा थोड्या थोड्या वेळानं बुरुजांवरून फडकं फिरवत बसतो. आमच्या सोसायटीतली मुलं असला किल्ला गाडीच्या डिकीतून आणतात, लिफ्टनं वर नेतात आणि गॅलरीत मांडून मोकळी होतात. हाताला माती लागत नाही, आयांची ओरड नाही. हे पाहून हळहळायची आता पद्धत आहे. खरं सांगायचं तर मला बरं वाटतं. अंगणात माती, गोणपाट आणि पाण्याची बादली शेजारी शेजारी दिसली की मी अजून वाट बदलते, आणि त्याला एका दिवाळीचं निमित्त आहे.

आमचे बाबा किल्ल्याच्या बाबतीत वेडे होते. शेतात गोदाम उभं राहिल्यापासून त्यांच्या हातांना काम उरलं नव्हतं. भाडं येई आणि दिवस जाता जात नसे. खाडीवर गप्पा छाटणं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले देणं यात वर्ष घालवणारा हा माणूस नवरात्र संपलं की एकदम मुकादम होई. दगड, विटा, लाल माती, वर गोणपाट, त्यावर चिखलाचा हात. अख्ख्या गल्लीत ‘बाबांचा किल्ला’ म्हणून त्याचं नाव. एकदा मी विचारलं होतं, की मावळा दरवाजापेक्षा उंच आहे, तर तो आत जाणार कसा? बाबा म्हणाले, “तो आत जात न्हाय. तो पहारा देतो.” त्यांच्याकडे उत्तर नाही असा प्रश्न मी लहानपणी तरी पाहिला नाही.

ज्या वर्षाचं मी सांगतेय, त्या वर्षी आपल्या आणि शेजारच्या देशाच्या फौजा कितीतरी महिने सीमेवर समोरासमोर उभ्या होत्या. टीव्हीवर रोज नकाशा दाखवत. आमचा दादा फौजेत होता. घरात त्याला बाळू म्हणत, पण गल्लीत तो बाबांमुळे ‘आमचा मेजर’ झाला होता, जरी तो साधा शिपाईच होता. त्याची चौकी कुठंतरी वर, बारा महिने बर्फ असलेल्या डोंगरावर होती. नवरात्रात तो लांब सुट्टीवर घरी आला. गाल काळवंडलेले, ओठांना भेगा, आणि जेवताना मान खाली. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं आणि जाहीर केलं, “यंदा गड न्हाय. यंदा आपल्या बाळूची चौकी करायची. बर्फ, तोफा, सगला झ्याक!”

दादा उठून आत गेला. तो का उठला हे तोपर्यंत मला आणि आईला कळलं होतं. आल्यावर चार दिवसांनी, आई भाकऱ्या थापत असताना, तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि त्यानं सांगून टाकलं. त्या चौकीवर एका तंबूत ते पाच जण राहायचे. एका सकाळी पहारा बदलला. दादा बाहेर आला आणि सोपान, त्याचा सगळ्यांत जवळचा मित्र, नगरकडचा, आत झोपायला गेला. थोड्या वेळानं वरचा बर्फाचा कडा सुटला. तंबू गेला. आतल्या तिघांना काढलं. सोपान मिळाला नाही. हवा बिघडली, पुन्हा बर्फ पडला, शोध थांबला. कागदावर तो बेपत्ता होता.

“म्हंजे येल का परत?” आईनं विचारलं.

“मी कडा येताना बघितला, आई,” दादा म्हणाला. “बाबांना सांगू नको. सगल्या गल्लीला सांगतील.”

सोपानला एक आई होती आणि एक बहीण, कमल. सुट्टीत त्यांच्या घरी जाऊन येईन, असं दादानं वरून निघताना आपल्या साहेबांना सांगितलं होतं. कमल आमच्या घरी फोन करायची. फोन मी उचलायची. गावातल्या कुठल्यातरी दुकानातून ती बोलत असे, मागं गिरणीचा आवाज. “दादा हाईत का? लई वेळ न्हाई घेत. फकस्त एक इचारायचंय.” मी दादाकडे बघायची. तो हातानं नाही म्हणायचा. मग मी म्हणायची, बाहेर गेलाय. ती म्हणायची, बरं, उद्या करते. आणि खरंच दुसऱ्या दिवशी करायची.

तर अशी ती दिवाळी. दादाला नगरला जायचं होतं आणि तो जात नव्हता. मी आणि आई रोज सकाळी त्याच्या बॅगेकडे बघायचो. आणि अंगणात बाबा हिमालय रचत होते.

पहिले काही दिवस दादा नुसता पायरीवर बसून राहिला. बाबांनी नेहमीसारखा डोंगर केला, वर निमुळता, खाली पसरट, पायथ्याला आरशाचं तळं. बर्फासाठी ते भिवंडीत जाऊन एका ओळखीच्या कारखान्यातून लूमखाली साचलेली रुई पोतंभर घेऊन आले. कापड विणताना उडते ती, मळकट, मधेच रंगीत धागे असलेली. पोरांनी ती निवडली, पिंजली आणि डोंगरावर पांघरली. आम्हा सगळ्यांना ते फार सुंदर वाटलं. आमच्यापैकी कुणी बर्फ पाहिला होता? फार तर मच्छी मार्केटातली लादी.

दादा उठला. डोंगराजवळ जाऊन त्यानं रुईत बोट घातलं. “असा पोकल नसतो,” तो म्हणाला. “वाऱ्यानं कडक होतो. एका अंगाला साचतो, दुसऱ्या अंगाला खडक उघडा.”

“मंग तू कर,” बाबा म्हणाले. त्यांना थोडा रागही आला होता आणि आनंदही झाला होता.

दादानं आधी काडेपेटीतून एक काडी काढली आणि पायरीवर ठेवली. हा एक माणूस, म्हणाला. मग तंबू किती काड्यांचा, रॉकेलचे डबे किती, खडक किती, असं सगळं त्या काडीवरून मोजायला लागला. एका काडीवर त्यानं खूण केली आणि ती शेवटपर्यंत शर्टाच्या खिशात ठेवली. बाबांनी विचारलं, “आन डोंगर?” दादानं जरा हिशेब केला आणि मान वर करून पत्र्याकडे, पत्र्याच्या वर नारळाच्या शेंड्याकडे आणि त्याच्याही वर बघितलं. “मावणार न्हाय,” तो म्हणाला. त्यानं बाबांचा अख्खा डोंगर पाडला. उरला तो फक्त एक कट्टा, त्याच्या मागं उभा कडा, आणि कट्ट्याच्या पुढं काहीच नाही. बाबांना हे फार लागलं. शिखर नसलेला डोंगर त्यांनी जन्मात केला नव्हता. पण मुलगा बोलायला लागला होता, म्हणून त्यांनी गिळलं.

मी आजही त्या काडीचा विचार करते. माणूस लहान केला की सगळं हातात येतं असं आपल्याला वाटतं. तंबू उचलून इकडचा तिकडं ठेवता येतो, कड्याला टेकू लावता येतो. दादा रोज त्या कड्याला मागून एक नवी वीट लावायचा. मला तेव्हा वाटायचं की तो काम पक्कं करतोय. आज वाटतं, त्याला तो कडा धरून ठेवायचा होता, आणि ते अंगणातच काय ते शक्य होतं.

रुई गेली आणि तिच्या जागी रांगोळी आली. आईनं दिवाळीसाठी आणून ठेवलेली पांढरी रांगोळी दादानं कट्ट्याला आणि कड्याला दिलेल्या प्लास्टरवर पिठाच्या चाळणीनं चाळली आणि घरातला टेबलफॅन अंगणात आणून तिच्यावर सोडला. रांगोळी सरसर सरकली, तंबूच्या एका बाजूला ढीग झाला, दुसऱ्या बाजूचे दगड उघडे पडले.  वारा तिथं खरंच असा असणार हे एका क्षणात कळलं. आईला मात्र आपली चाळण दिसली. “अरे माझी पिठाची हाय ती! आन दारात काय काढू मी, राख?” दादा कितीतरी दिवसांनी हसला. मग पंखा बंद करून बराच वेळ त्या ढिगाकडे बघत बसला.

तंबूसाठी जुन्या चादरीचा तुकडा. त्याला त्यानं सायझिंगवाल्याकडची खळ लावली, लूमवर चढवायच्या धाग्याला लावतात ती, म्हणजे कापड ताठ उभं राहिलं. तंबूभोवतीची रांगोळी त्यानं दिव्याच्या काजळीनं काळी केली. बाबा ओरडले, “बर्फाला काला कशाला करतोस?” दादा म्हणाला, स्टोव्ह दिवसरात्र चालतो, काजळी सगळीकडे, खोकल्यातूनसुद्धा काळं पडतं. तंबूपासून पहाऱ्याच्या जागेपर्यंत त्यानं दोरा बांधला. हवा बिघडली की दोर धरूनच चालायचं, नाहीतर दहा पावलांवरचा माणूस चुकतो. असं एकेक काम करताना तो एकेक वाक्य बोलायचा. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर यातलं एकही वाक्य मिळालं नसतं.

दिवाळीच्या तोंडावर एक गंमत झाली. किल्ल्यावर हिरवळ उगवावी म्हणून आई दर वर्षी मातीत अळीव पेरायची. त्या वर्षीही, कुणाला न विचारता, सवयीनं तिनं कट्ट्याच्या कडेनं पेरलं होतं. वसुबारसेच्या सकाळी बर्फातून हिरवे कोंब वर आले. बाबा डोक्याला हात लावून बसले. गल्लीतली पोरं लोळायची बाकी राहिली. दादा वाकून ते कोंब न्याहाळत होता. “तिथं गवताची काडीबी न्हाय, आई,” तो म्हणाला. “सोपान त्याच्या रानातलं काय काय सांगायचा. मेथी, हरभरा. आमी ऐकत बसायचो.” बाबांनी विचारलं, सोपान कोण? दादा म्हणाला, एक दोस्त. कोंब त्यानं उपटले नाहीत.

मग सैनिक. बाबांनी बाजारातून ढाल-तलवारीवाले मातीचे मावळे आणले होते, त्यांनाच पांढरे कोट रंगवू म्हणून. दादानं ते बाजूला ठेवले आणि तारेला सूत गुंडाळून काडीएवढे पाच जण केले. एकाला बाहेर पहाऱ्यावर उभं केलं. चौघांना आत आडवं निजवलं आणि तंबूचं तोंड शिवून टाकलं.

“दिसणार न्हाय तर केले कशाला?” बाबा म्हणाले.

“हायेत म्हणून केले.”

लक्ष्मीपूजनाला सगळी गल्ली बघायला आली. बाबांनी तेवढ्यात गुपचूप खालच्या बाजूला हिरव्या कपड्यातले चार शत्रू मारून पाडले होते, वर कुंकवाचं पाणी शिंपडून. दादानं येऊन ते उचलले आणि खिशात टाकले. शेजारचे पाटीलकाका चष्मा पुसत वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, “शत्रू कुठं हाय रं?”

“दिसत न्हाय, काका. मी एकदाबी बघितला न्हाय.”

“मंग तिथं मानसं मरतात कशानं?”

दादा घरात निघून गेला. बाबा लगेच सांगायला लागले की थकलाय, वरची हवा बाधते, पण काकांच्या प्रश्नानं त्यांचाही आवाज जरा उतरला होता. घरात फोन वाजत होता. मी उचलला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीसुद्धा गिरणी चालू होती की तो दुसराच कसला आवाज होता, कुणास ठाऊक. “दादा हाईत का?” दादा माझ्या समोर उभा होता. मी म्हटलं, आहे, थांबा. आणि रिसीव्हर त्याच्याकडे धरला. त्यानं तो घेतला, कानाला लावला, श्वास घेतला आणि खाली ठेवून दिला.

मला त्याचा भयंकर राग आला. एवढं काडीकाडीनं मोजून सगळं मांडता येतं, तंबूच्या आत कोण झोपलंय हे शिवून ठेवता येतं, आणि एका बाईला एक वाक्य सांगता येत नाही? मी तसं बोललेही. तो म्हणाला, “सुमे, ती अजून वाट बघते. मी सांगितलं की संपली.” माझा राग कुठं ठेवावा ते मला समजेना.

पाडव्याला संध्याकाळी आमच्याकडे किल्ला उडवतात. सगळीकडे करतात की नाही माहीत नाही, आमच्या गल्लीत हे ठरलेलं. दिवाळी संपत आली, किल्ला वाळून वाळून भेगाळला, मग पोरं सुतळी बॉम्ब घेऊन येतात आणि आरोळ्या ठोकत त्याचा धुरळा करतात. पहिला बॉम्ब बाबा लावायचे, तो त्यांचा मान. त्या पाडव्यालाही पोरं आली. दादा भिवंडीला गेला होता, आईची औषधं आणायला. बाबांच्या मनात काही वाईट नव्हतं. वर्षानुवर्षं जे केलं तेच त्यांनी केलं. दादानं जिथं विटांचे टेकू लावले होते तिथं, कड्याच्या मागं, त्यांनी बॉम्ब ठेवला, वात पेटवली आणि पोरांना मागं ढकललं.

दादा फाटकातून आत येत होता तेव्हा तो फुटला.

कडा उभाच्या उभा पुढं आला. प्लास्टर, माती, रांगोळी, सगळं तंबूवर. पांढरी धूळ अंगणभर पसरली आणि पोरांनी आरोळी ठोकली. दादाच्या हातातली पिशवी पडली. तो धावत आला आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी उकरायला लागला. बाबा हसत म्हणाले, “आरं, प्लास्टर हाय त्ये!” मग त्यांनी त्याचे हात बघितले आणि हसू थांबवलं. पोरं एकेक करून निघून गेली. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं.

पहाऱ्यावरचा सैनिक बाजूलाच पडला होता. दादानं आतला एक काढला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकावरची धूळ फुंकली आणि ओळीनं पायरीवर ठेवला. मग थांबला. नखांतून रक्त आलं होतं.

बाबा त्याच्या शेजारी खाली बसले. “थांब, मी काढतो. चौथा बी इथंच असंल.” ते घाईघाईनं विटा सरकवायला लागले. दादानं त्यांचं मनगट धरलं.

“राहू द्या, बाबा. तो न्हाय सापडला.”

“सापडंल की. जातो कुठं?”

“न्हाय सापडला, बाबा.”

बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पायरीवरच्या तिघांकडे, मग बाजूला पडलेल्या पहारेकऱ्याकडे. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. “सोपान?” एवढंच ते म्हणाले. दादानं मान हलवली आणि बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. फौजेत गेल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, आणि बाबांना गप्प बसलेलं तर जन्मात पाहिलं नव्हतं. ते नुसते त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले, पांढऱ्याफटक हातानं.

आईनं पाणी आणून दिलं. ती म्हणाली, “बाळू, त्या पोरीची उद्या भाऊबीज हाय. तू जा.”

“मी येतो संगती,” बाबा म्हणाले.

“नको,” दादा म्हणाला. “सुमी येल.”

सकाळी मी ताट तयार केलं, पण दादा पाटावर बसला नाही आणि मीही आग्रह केला नाही. आम्ही निघालो तेव्हा बाबा अंगणात झाडू मारत होते. कल्याणहून एसटी मिळाली. माळशेजच्या घाटात धुकं होतं आणि दादा सगळा वेळ खिडकीच्या दांडीला धरून बसला होता. ओठ हलत होते. काय सांगायचं ते तो जुळवत होता. कडा आला, आम्ही खणलं, हवा बिघडली. आळेफाट्याला चहा घेतला तेव्हा त्यानं विचारलं, “सुमे, आधी काय सांगू?” मी म्हटलं, तिथं गेल्यावर सुचेल. मला तरी कुठं ठाऊक होतं? पुढं दुसरी गाडी, मग जीप, मग पायवाट. दोन्हीकडे ज्वारी उभी होती. गावात पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता.

घर ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही. अंगणात बायका जमल्या होत्या आणि मधोमध एक मुलगी हातात ताट घेऊन उभी होती. निरांजन लावलेलं, सुपारी, अक्षता, सगळं मांडलेलं. माझ्याच वयाची. तिची आई उंबऱ्यात बसून कुणावर तरी चिडून बोलत होती, “अगं, हाय माझा लेक! भाऊ असताना चंद्राला ओवाळत्यात व्हय?”  दादाला बघून बायका बाजूला झाल्या. तिनंही त्याला ओळखलं असावं, फौजी माणसाची चाल लपत नाही. तिनं ताट खाली ठेवलं नाही. पश्चिमेला, ज्वारीच्या वर, बीजेची बारीक कोर होती आणि ती बुडायला फार वेळ नव्हता.

“दादा,” ती म्हणाली, “कवापासून फोनवर हेच इचारायचं हुतं. ज्याला त्याला इचारून दमले. तुमी तिथं हुता. आता तुमीच सांगा, मी चंद्राला ओवाळू का नको?”

वाटेत जुळवलेलं सगळं दादाजवळ होतं. ते तसंच राहिलं. त्यानं एकदा त्या म्हातारीकडे पाहिलं आणि चपला काढल्या.

“ओवाळ, ताई,” तो म्हणाला.

म्हातारीनं तोंडावर पदर ओढला. कमलनं निरांजनाची वात बोटानं पुढं सारली आणि पश्चिमेकडे वळली.